उभा फोटो

"उभा करा त्याला! रडला तर रडू दे, पण उभा रडू दे."

ही आरोळी अंबरनाथच्या आमच्या एक्स-रेवाल्या डॉक्टरांची. ऐंशीच्या दशकात त्यांच्या दवाखान्याखाली माझं औषधाचं दुकान होतं. खोटं वाटेल तुम्हाला, पण ती आरोळी आली की रस्त्यात बसलेली म्हैससुद्धा मुकाट्यानं उठून उभी राहायची. समोरचा सिंधी पापडवाला विचारायचा, "साईं, ये डॉक्टर है या हवालदार?"

एके दिवशी बारवी धरणाकडच्या पाड्यावरून एकाला झोळीत घालून आणलं होतं. टायफॉइड अंगावर काढलेला, पोट फळीसारखं कडक. त्याचा भाऊ हात जोडून म्हणाला, "सायेब, त्याला बसवत पन नाय. निजवूनच काढा ना फोटो."

"निजलेलं पोट खोटं बोलतं," डॉक्टर म्हणाले आणि शिव्या घालतच त्यांनी त्याला बगलेत धरून उभं केलं.

मग ओली फिल्म खिडकीशी धरून, गिऱ्हाईक सोडून वर धावलेल्या मलाच धडा. "ही बघ, सुजून फुगलेली आतडी. या पाण्याच्या पातळ्या, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. आणि ही वर, छातीच्या पडद्याखाली, काळी चंद्रकोर. ती हवा. आतडं फुटलंय. माणूस उभा असला तरच ती वर चढते, निजवला की दडून बसते."

ऑपरेशन होऊन तो वाचला. पुढं दर उन्हाळ्यात करवंदं घेऊन यायचा. त्यालाही डॉक्टर कधी "बस" म्हणाले नाहीत.

नव्वद साली हाच टायफॉइड डॉक्टरांना झाला. त्यांनीही अंगावरच काढला. डॉक्टर ना ते. पोट कडक झालं तेव्हा घरच्यांनी उल्हासनगरच्या एका बड्या नर्सिंग होममध्ये नेलं. तिथला एक्स-रेवाला त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. त्यानं आधी पाया पडून घेतलं. मग डोक्याखाली उशी दिली आणि फुलासारखं निजवून फोटो काढला. आतडी जराशी फुगलेली, बाकी काही नाही. गॅस झालाय म्हणून सगळे हसले. दुसऱ्या दिवशी डॉक्टर गेले.

सरणावर त्यांना आडवं बघवेना. तो एक्स-रेवाला बाजूलाच उभा होता. मी विचारलं, "अरे, निजवून फोटो काढताना ते काहीच बोलले नाहीत?"

"बोलले ना. मला उभा कर म्हणाले. पण सरांना उभं करणं बरं दिसलं नसतं."