गावाच्या तुपावरचा पैलवान

गावाची अब्रू पैलवानाच्या छातीवर तोलली जाते, असं आमचे पाटील म्हणत. आम्हा दोघा पैलवानांना मात्र त्यांनी वरोऱ्याच्या जिनिंग कारखान्यात, कापसाच्या काट्यावर तोललं होतं. वजन सारखंच भरलं. तरी गावाचं तूप मला नाही, त्या दुसऱ्यालाच मिळे. पाळीपाळीने रोज एका घरून वाटीभर. आखाड्याच्या कोनाड्यात त्याचं गाडगं कायम भरलेलं असे.

तो तलावात जाळी ओढून वाढलेला. त्याची पाठ दगडात घडवल्यासारखी होती. मला त्याच्या मानेचासुद्धा हेवा वाटे. शेवटी मी ते तूप चोरून पिऊ लागलो. पोट वाढलं. खांदे होते तिथेच राहिले.

वरोऱ्याच्या कुस्त्यांना गावातून एकच जण जाणार होता. पाटलांनी निवड दौऱ्यावरच्या सरकारी डॉक्टरवर सोपवली. डॉक्टरांनी आमच्या पोटाची कातडी चिमटीत धरून पाहिली. त्याची धरता येईना, माझी सहज आली. मग काचेच्या दोन नळ्यांत आमचं रक्त घेऊन त्यांनी खिडकीत ठेवलं. तासाभराने रक्त खाली गोठलं, वर पाणी सुटलं. त्याचं पिवळसर, नितळ. माझं दुधासारखं.

“हा आज तूप प्यालाय. रक्तात चरबी आहे,” डॉक्टर म्हणाले. कोलेस्टेरॉल हा शब्द मी पुष्कळ वर्षांनी ऐकला, पण ओळख तेव्हाच झाली.

पाटील माझ्याकडे वळले. “तुले कोनं देलं रे तूप?”

माझ्याआधी तोच बोलला. “मीनंच देलं, पाटीलभाऊ. मले पचत नाई. भात न् मासोळी, एवढंच चालते मले.”

“मंग आमच्या बाया काऊन लोणी कढवून राह्यल्या?”

“तुमी एवढ्या हौसेनं देऊन राह्यले, म्हून मले नाई म्हणता आलं नाई.”

त्याने मला कधीच काही दिलं नव्हतं. गाडगं कोण रिकामं करतो, हे त्याला ठाऊक होतं, एवढंच. त्याची पाठ मी सोसली होती, मानही सोसली होती. हा चांगुलपणा मात्र सोसेना.

अर्थात वरोऱ्याला तोच गेला. वेशीपर्यंत ढोल वाजला, नारळ फुटला, पाटलांनी त्याला स्वतः फेटा बांधला. मी त्याची पिशवी घेऊन मागे चालत होतो आणि तो हरावा, असं मनात म्हणत होतो.

पहिल्याच कुस्तीत तो चीत झाला. पाटील तेव्हा पानाला चुना लावत होते. त्यांना ती कुस्ती दिसलीच नाही.