बाळ एक, सल्लागार दहा

सोलापुरातल्या एका बाळंतपणाच्या वॉर्डात मी अठरा वर्षं सिस्टर आहे. बाळं चार-पाच दिवसांत घरी जातात, त्यांचे किस्से मात्र माझ्याकडंच राहतात. आता इतके साठलेत की कुठला सांगू आणि कुठला नको!

*

एका बाळाचे वकील मामा बार्शीहून आले. पहिला मध जो चाटवेल त्याचा गुण बाळ उचलतं म्हणे, म्हणून खास त्यांनाच बोलावलेलं. मामा कोट घालून, बोट धुऊन तयार!

मी म्हटलं, "मध नाही, पाणीसुद्धा नाही. सहा महिने फक्त दूध."

मामांचा चेहराच पडला. "मग माझा गुण?"

"तो कॉलेजात गेल्यावर द्या की!"

*

नवी पेठेतला एक दुकानदार, नवीनच बाप झालेला. बाळाला पाजायचं म्हणून दर दोन तासांनी मोबाईलवर अलार्म. बाळ गाढ झोपलेलं आणि हा घाबराघुबरा. "सिस्टर, दहा मिनिटं लेट झालं!"

"तुमचं टाईमटेबल बाळाला दाखवलंय का?"

बिचारा खरंच बाळाकडं बघायला लागला.

*

एका बाळंतिणीला दूध यावं म्हणून आईनं अळिवाचे लाडू आणले, सासूनं मेथीचे. दूध आलं, पण कुणाच्या लाडवानं? दोघी भांडत डॉक्टर मॅडमकडं गेल्या. मॅडमनी दोन्ही खाल्ले आणि म्हणाल्या, "रिपोर्टसाठी अजून दोन-दोन लागतील."

*

आणि ही जेऊरची शीतल. ऑपरेशननंतर तिला दूधच पुरेसं येईना, बाळाचं वजन उतरायला लागलं. मॅडमनी पावडरचं दूध सुरू करायला सांगितलं, तशी पोरगी हमसून हमसून रडायला लागली. "आत्याबाई काय म्हणतील हो?"

आत्याबाई म्हणजे तिची सासू. ती तीन दिवस वॉर्डभर सांगत होती, "माज्या संजूला दीड वर्स अंगावर पाजलंय, म्हणून असा गडी झालाय!" मलाही तिची धास्तीच होती.

मी वाटी-चमचा घेतला आणि नेमकी आत्याबाई दारात! तिनं शीतलकडं बघितलं, माझ्या हातातली वाटी घेतली आणि नातवाला मांडीवर घेऊन पाजायला बसली.

"रडू नगं गं. मला तर थेंबभर बी दूध न्हवतं. संजू शेळीच्या दुधावर वाढलाय."

संजू मागंच उभा होता, सहा फुटी गडी. "आई! तू तर आजवर सांगायचीस..."

"सासूच्या भ्यानं सांगायचे, तेच तोंडात बसलं. आता सासू मीच हाय की!"