महादूशेठचं मुकं इंजिन

अंजूरच्या महादूशेठच्या शेतात गोदामं उभी राहिली आणि घराच्या माळ्यावर छोटी मॉडेल रेल्वे. नवं इंजिन खऱ्या डिझेलसारखं गुरगुरतं, असं त्यांनी गावभर सांगून ठेवलं. पण तो आवाज फक्त डिजिटल कंट्रोलरवर निघायचा. शेठच्या जुन्या कंट्रोलरवर इंजिन धावायचं, पण मुकंच. लेकीच्या साखरपुड्याला व्याही रेल्वे बघायला आले, तेव्हा शेठनी भिवंडी रोड स्टेशनवर स्वतः रेकॉर्ड केलेला आवाज टेबलाखाली लपवलेल्या मोबाइलवर लावला.

"शेठ, एकदम ओरिजिनल हाय!" व्याही म्हणाले.

तेवढ्यात इंजिनाच्या गुरगुरीतून शेठाणी ओरडल्या, "आवो, चला ना! मच्छी नासंल!"

शेठाणी तर चहाचा ट्रे घेऊन समोर गप्प उभ्या होत्या.

शेठची मान खाली गेली. त्यांनी घाईघाईने वीज बंद केली. इंजिन थांबलं. शेठाणी टेबलाखालून बोलतच राहिल्या.