दोन नंबरचं बटण

बाजारात तिला सगळे ताई म्हणत. नवे कपडे शिवायचं तिनं केव्हाच सोडलं होतं. लोक दुकानातून तयार कपडे उचलत, घरी नेऊन अंगात घालत आणि मग तोंड वाकडं करून तिच्याकडे येत. कुणाची बाही लोंबायची, कुणाच्या कंबरेत आणखी एक माणूस मावेल एवढी जागा. ताई ते उसवायची, आत घ्यायची, बाहेर सोडायची आणि ज्याचं त्याला मापाचं करून द्यायची. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की टेप हातात घ्यायच्या आधीच तिला कळायचं, ह्याचा डावा खांदा जरा पडका आहे. सगळ्या गावाचं माप तिच्या नजरेत होतं. स्वतः ती चांगलीच ठेंगणी. खुर्चीवर चिंध्या भरलेली उशी घेतल्याशिवाय तिची कोपरं मशीनच्या वर येत नसत.

नवऱ्याला ती अहो म्हणायची, म्हणून आपणही त्यांना अहोच म्हणू. दुसरं कुठलं नाव त्यांना शोभलंही नसतं. अहो उंचेपुरे, एका गोदामाचे व्यवस्थापक म्हणून निवृत्त झालेले. दारू नाही, विडी नाही, हात उगारणं नाही, पानात पडेल ते खाणार. म्हणजे बायकोला तक्रार करायला माणसानं जागाच ठेवली नव्हती. फक्त त्यांची वस्तू जिथे ठेवली तिथेच सापडली पाहिजे, आणि घरातली जवळजवळ प्रत्येक वस्तू त्यांची होती.

जुन्या गाडीपासूनच हे सुरू झालं. ताईनं चाळिशीत लायसन काढलं, तेही पहिल्याच फटक्यात, आणि ते अहोंना कधी नीट पचलं नाही. गाडी चालवायची तर तिला सीटखालचा दांडा ओढून सीट पार पुढे घ्यावी लागे आणि वर उशी टाकावी लागे. दुसऱ्या दिवशी अहो आत शिरायला जायचे आणि गुडघा स्टिअरिंगवर आपटायचा. मग अंगणातून हाक यायची, "सीट कुणी हलवली?" घरात माणसं दोन. तरी हा प्रश्न ते इतक्या गंभीरपणे विचारायचे की ताईला वाटायचं, आता शेजाऱ्यापाजाऱ्यांपैकी कुणाचं तरी नाव घ्यावं. शेवटी अहोंनी तिच्याच डब्यातला खडू घेऊन सीटच्या पट्टीवर रेघ मारली. "चालवायची तर चालव, पण परत रेघेवर आणून ठेव." ताई रेघेवर आणून ठेवायची. वर्षानुवर्षं तिनं ती गाडी चालवली ती अशी, चालवल्याच्या खाणाखुणा पुसत.

ह्या सगळ्यात एक गोष्ट ठरलेली होती, ती अक्काशी. अक्का तिची थोरली बहीण, हायवेनं दूरच्या गावात एकटी राहणारी. ताईला सुईत दोरा ओवायला तिनंच शिकवलं होतं. आता अक्काचे हात थरथरायचे. चहाचा कप उचलला की अर्धा चहा बशीत. दुखणं वाढतच जाणारं होतं, डॉक्टरांनी काही लपवलं नव्हतं. फोनवर ती म्हणायची, "बुटके, तू गाडी घेऊन ये. तू चालव, मी शेजारी बसते. कुणाला काही विचारायचं नाही, वाटेल तिथे थांबायचं." ताई म्हणायची, येते. अक्काला नीट बसता येतंय तोवर एकदा हे व्हायला हवं, एवढंच तिला हवं होतं. ह्याहून मोठं काही तिनं कधी मागितल्याचं कुणाला आठवत नाही.

मग नवी गाडी आली. शोरूममधला माणूस गाडी ताब्यात देताना सगळं समजावून सांगत होता. किल्ली म्हणजे किल्ली नव्हतीच, बटणं असलेला एक काळा गोटा होता, आणि तसे दोन मिळाले. हे दाबलं की लॉक, हे दाबलं की उघडणार, हे दाबून धरलं की डिकी. लॉक करून गेलात आणि आत काही हललं, तर अलार्म होणार. सीट मोटरवर. ताईनं बसून बटण वर ओढलं आणि सीट तिला घेऊन अलगद वर चढली. उशीशिवाय तिला समोरचं बॉनेट दिसलं. तिच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं, आणि तिनं जांभई दिल्यासारखं करून ते पुसलं.

"आणि ही मेमरी," तो माणूस म्हणाला. "सीट हवी तशी लावायची, सेट दाबायचं, मग नंबर दाबायचा. टुक वाजलं की गाडीनं लक्षात ठेवलं. एक नंबर साहेबांचा, दोन नंबर मॅडमचा. भांडणच नको."

"एक नंबर शहराचा," अहो म्हणाले. "दोन नंबर हायवेचा. हायवेला मला पाठ जरा मागे लागते."

त्या माणसानं ताईकडे पाहिलं. ताई खिडकीची काच कशी वरखाली होते ते बघायला लागली. टुक वाजलं, मग पुन्हा टुक वाजलं, आणि गाडीतल्या दोन्ही जागा भरल्या.

हायवेला अहो वर्षातून जेमतेम एखाद्या वेळी जायचे. दोन नंबर नुसता पडून असायचा. एका दुपारी अहो झोपलेले असताना ताईनं गाडी पुसायच्या निमित्तानं किल्ली घेतली, सीट वर घेतली, पुढे घेतली, पाठ सरळ केली, सेट दाबलं, दोन दाबलं. मग एक दाबून अहोंचं सगळं अहोंना परत केलं. नंतर कितीतरी दिवस ती मशीनवर बसल्याबसल्या स्वतःशीच हसत होती. गाडीच्या पोटात कुठेतरी आपलंही माप आहे, एवढ्यावर तिचं भागत होतं. येत्या सुट्टीत अक्काकडे जायचं तिनं मनाशी पक्कं केलं.

पण त्याआधीच अहो एका जुन्या सहकाऱ्याला भेटायला दूरगावी निघाले. फाटकाशी गाडी चालू करून त्यांनी ऐटीत दोन दाबलं. सीट कुणाचंही न ऐकता त्यांना घेऊन पुढे निघाली आणि गुडघ्यांसकट स्टिअरिंगखाली कोंबून थांबली. अहोंनी गाडी थेट शोरूमला नेली. तिथल्या माणसानं बघून सांगितलं, "बिघाड काही नाही साहेब. कुणीतरी सेव्ह केलंय." घरी आल्यावर अहो ओरडले नाहीत. जेवताना "कुणीतरी" हा शब्द त्यांनी पुन्हा पुन्हा चघळला, आणि दुसरी किल्ली कपाटाच्या आतल्या कप्प्यात कुलपात गेली. दोन्ही वापरल्या तर दोन्हींची बॅटरी एकदम उतरेल, असं कारण दिलं. पुढे गुडघा दुखायला लागला तेव्हा डॉक्टरांनाही त्यांनी सांगितलं की तो त्या दिवसापासूनच गेला.

तेव्हापासून ताई शेजारच्या सीटवर. एकदा अहो बँकेत गेले आणि ती गाडीतच थांबली. चालता चालताच, वळून न बघता, हात पाठीमागे करून त्यांनी किल्ली दाबली. ही त्यांची लकब. थोड्या वेळानं ताईचा चष्मा मांडीवरून खाली पडला, ती वाकली, आणि गाडी बोंबलायला लागली. दिवे लुकलुकायला लागले. दार उघडेना. रस्त्यावरचे लोक थांबले. एकानं काचेला कपाळ लावून आत कोण आहे ते नीट पाहून घेतलं. ताई चष्मा मुठीत धरून बसून राहिली. अहो आले. आधी लोकांकडे बघून हसले, मग गाडीभोवती फिरून कुठे ओरखडा नाही ना ते पाहिलं, मग अलार्म बंद केला आणि दार उघडून म्हणाले, "तुला हलायची काय गरज होती?"

दुकानात ताईनं हा किस्सा रंगवून सांगितला आणि बायका पोट धरून हसल्या. तीही हसली. पण त्या दिवसापासून ती गाडीत भिंतीवरच्या फोटोसारखी बसायला शिकली. नाकावर माशी बसली तरी बसू द्यायची. तिला राग यायचा आणि तो कुठे ठेवावा ते कळायचं नाही, कारण असल्या गोष्टीवरून चिडले असं सांगितलं तर ऐकणारा विचारतो, बाकी सगळं ठीक आहे ना?

अहोंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली. त्याच सुमारास अक्काच्या शेजारणीचा फोन आला. अक्काला आता घास तोंडापर्यंत नेता येत नाही, काही दिवस तरी तिला घेऊन जा. ऐकून ताईला वाईट वाटलं, आणि त्याच वेळी, आता आपणच गाडी न्यायची, असा एक लबाड आनंदही झाला. त्याची तिला लाज वाटली.

"मी आणते की तिला," ती म्हणाली. "तुम्ही शेजारी बसा."

"तुझ्या शेजारी?" अहो म्हणाले. "अगं, गुडघा आत्ताच शिवलाय माझा."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी ड्रायव्हर ठेवला. पन्नाशीचा, सभ्य, कमी बोलणारा, आणि ठेंगणा. ताईनं त्याला फाटकातून येताना पाहिलं आणि टेप लावायची गरज उरली नाही. खांद्यापासून कंबर, कंबरेपासून गुडघा, सगळं तिचंच माप.

अहो काठी टेकत अंगणात उभे राहिले. "सीट वर घ्या. अजून. आता पुढे या. पाय पुरतात का?" इतक्या मायेनं ते कुणाशी बोलू शकतात हे ताईला माहीत नव्हतं. "सेट दाबा आणि दोन दाबा. दोन नंबर तुमचा. रोजरोज सीट लावत बसायची कटकट नको."

टुक वाजलं. हायवेचं काय झालं, ते ताईनं विचारलं नाही.

"पाठीला काही हवं का? उशी आहे आमच्याकडे," अहो म्हणाले, आणि डिकीत पडलेली ताईची जुनी उशी त्यांनी स्वतः काढून त्याला दिली. ड्रायव्हरनं ती झटकली आणि पाठीशी घेतली. त्या गरीब माणसानं तिचं काही वाकडं केलं नव्हतं, पण त्या क्षणी ताईला त्याचा असा हेवा वाटला की तिला तिथे उभं राहवेना.

अक्काला आणायला तिघं निघाले. अहो पुढे, पाय लांब करून, ताई मागे. अक्का दाराबाहेर खुर्चीवर येऊन बसली होती, केस विंचरून, शाल घेऊन. गाडी थांबल्याबरोबर तिची नजर स्टिअरिंगकडे गेली. तिथे परका माणूस दिसला तशी ती मागच्या काचेत बहिणीला शोधायला लागली.

"तू चालवणार होतीस ना गं, बुटके? मी शेजारी बसणार होते."

"शेजारीच बसते आहेस ना," ताई म्हणाली, आणि तिला मागच्या सीटवर आपल्या बाजूला बसवलं.

परतीच्या वाटेवर अक्काच्या गोळ्या घ्यायला गाडी एका बाजारात थांबली. ड्रायव्हर पाय मोकळे करायला उतरला. प्रत्येक थांब्याला अहो किल्ली त्याच्याकडून मागून घेत, तशी आताही घेतली.

"लॉक नका करू हो," ताई म्हणाली. "अक्काचा हात हलतो."

"बाजार आहे. कुणी दार उघडून काही उचललं म्हणजे? हा गोळ्या घेऊन आलोच मी. फक्त हलू नका."

पाठमोऱ्या अहोंचा हात मागे आला. गाडी लॉक झाली.

ताईनं अक्काला सांगितलं की आत हलायचं नाही, हललं की वाजतं. अक्का मान हलवणार तोच थांबली आणि तिनं स्वतःच्या हाताकडे पाहिलं. ताईनं तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि मांडीवर दाबून धरला, सुईखाली सरकणारं कापड धरावं तसा. आणखी घट्ट धरला. मुठीत बोटं थरथरतच राहिली. "दुखतंय गं," अक्का म्हणाली, आणि तेवढ्यात अलार्म सुरू झाला.

लोक वळून बघायला लागले. अहो लंगडत आले, लोकांकडे बघून हसले, किल्ली दाबली आणि दार उघडलं.

"सांगून गेलो होतो ना? हलायची काय गरज होती?"

ते ताईला विचारत होते, पण उत्तर अक्कानं दिलं. "चुकलं हो माझं," ती म्हणाली. थरथरता हात तिनं मांडीखाली घातला आणि त्याच्यावर बसली. "आता नाही हलणार."

अहोंचं समाधान झालं. औषधवाला खोळंबलाय म्हणत ते दार लावून वळले आणि त्यांचा हात पुन्हा मागे आला.

ताई अक्काकडे बघत राहिली. जिनं तिला सुई धरायला शिकवलं ती बाई श्वास रोखून स्वतःच्याच हातावर बसली होती. मनगटावर लाल वळ उठले होते, ताईच्या बोटांचे. अहोंनी तर नुसतं सांगितलं होतं. दाबून धरलं होतं ते ताईनं. हे काम आपण कधी अंगावर घेतलं, तेसुद्धा तिला आठवेना. तिला स्वतःची किळस आली.

तिनं अक्काचा हात मांडीखालून ओढून काढला, जरा चोळला आणि दोघींच्या मधे सीटवर मोकळा ठेवला.

"अगं, वाजेल," अक्का म्हणाली.

"वाजू दे. हलव तू."

अलार्म वाजायला लागला. ताईनं चष्मा काढला, काचा पुसल्या, परत डोळ्यांवर चढवला, आणि अंग सैल सोडून नीट टेकून बसली. दुकानाच्या पायरीवर अहो वळले, काठी सावरत खिसे चाचपडायला लागले. लोक जमले. कुणीतरी काचेशी वाकलं, त्याच्याकडे ताईनं सरळ बघितलं. अहो धापा टाकत आले, ह्या वेळी लोकांकडे बघून हसायला विसरले, आणि त्यांनी दार उघडलं.

"आता पुन्हा हलायची काय गरज..."

"होती," ताई म्हणाली.