राष्ट्रीय दात

तिचं खरं नाव हजेरीपुस्तकात होतं आणि तिथेच राहिलं. सगळं संग्रहालय तिला डिंकमावशी म्हणायचं. जिन्याखालच्या खोलीत बसून एकतीस वर्षं ती हजारो वर्षांपूर्वीची फुटकी भांडी जोडत होती. खोली कसली, खोकाच. एक खिडकी, तीही रस्त्याच्या पातळीला, त्यातून दिवसभर लोकांचे नुसते पाय दिसायचे. टेबलावर वाळूने भरलेला ट्रे. जोडलेलं भांडं त्यात कलतं रोवायचं, म्हणजे डिंक वाळेपर्यंत हलत नाही. सांधा बरोबर बसला की नाही हे मावशी डोळ्यांनी बघतच नसे. चष्मा कपाळावर सरकवून डोळे मिटायची आणि सांध्यावरून अंगठ्याचं नख फिरवायची. नख अडलं की सांधा खोटा. मग साहेब म्हणोत नाहीतर साहेबांचे साहेब म्हणोत, खोटा म्हणजे खोटा. "माझा एक सांधा खोटा दाखवा, नोकरी सोडते," असं ती येताजाता म्हणायची.

नवरा बसवर कंडक्टर होता. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी गल्लीत त्याला कंडक्टरच म्हणत. "आमच्या घरी कप फुटला तर फेकतात, आणि ही फुटक्याचाच पगार घेते," हा त्याचा लग्नापासूनचा एकुलता एक विनोद. आता ऐकून ऐकून शेजाऱ्यांचे कान किटले होते.

या सगळ्यात व्हॅम्पायर कुठून आला म्हणाल, तर शेजारच्या देशातून. त्या लोकांनी एक पडका किल्ला रंगवला, दारात तिकीटखिडकी लावली आणि जाहीर करून टाकलं की व्हॅम्पायरचं मूळ गाव हेच. जगभरचे पर्यटक तिकडे धावले, आणि आमच्या सरकारच्या पोटात दुखायला लागलं. आजवर या देशात व्हॅम्पायरचं नाव निघालं की ते पोरांना झोपवण्यापुरतं. शेजाऱ्यांनी 'आमचा' म्हटल्याबरोबर तो आपला प्राचीन वारसा झाला! आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय. इथे बाब्या रक्त पिणारा निघाला एवढाच फरक.

संग्रहालयाच्या हाडांच्या विभागातल्या डॉक्टरांनी यावरच्या सरकारी बैठकीत सांगून बघितलं. मेलेल्या माणसाच्या हिरड्या आटतात, दात लांब दिसायला लागतात. पोट फुगतं, तोंडातून लालसर पाणी येतं. पूर्वी साथीत एका घरातली माणसं एकामागून एक गेली की लोक पहिल्याचं थडगं उकरून बघायचे आणि ते तोंड बघून त्यांची बोबडी वळायची. "जिथे माणूस मेला तिथे ही गोष्ट जन्मली, त्यात देशबिश कसला?" डॉक्टर म्हणाले. पुढच्या बैठकीला त्यांना बोलावणं आलं नाही.

संग्रहालयाच्या संचालकांना मात्र चार नंबरच्या कपाटातला वाडगा आठवला. तीन हजार वर्षांचा. त्यावर एक बाई मान कलती करून बसलेली, आणि तिच्या मानेवर झुकलेलं एक डोकं. तोंड वासलेलं, दात हे एवढाले. जगातला पहिला व्हॅम्पायर, तोही घरचा! आठवड्याभरात वाडग्याचं टपाल तिकीट निघालं, महिन्याभरात शाळेच्या पुस्तकात चित्र आलं. आणि हा वाडगा जोडला कोणी? डिंकमावशीने, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी.

कंडक्टरचं नशीबच उघडलं. जुना विनोद गेला तो गेलाच. चहाच्या टपरीवर त्याच्यासाठी खुर्ची पुसली जाऊ लागली. वाडग्याचं चित्र असलेला बिल्ला त्याने कोटाला लावला, तो घरात जेवतानाही काढेना. "माझ्या बायकोने देशाला व्हॅम्पायर दिला," असं तो बिनदिक्कत सांगायचा. मावशीला हसू यायचं, आणि खोटं कशाला बोला, बरंही वाटायचं.

वाडग्याच्या खास दालनाचं उद्घाटन चार दिवसांवर आलं. मंत्री येणार, कॅमेरे येणार, आणि वाडग्याचा जुना डिंक तर पिवळा पडलेला. "सोडवून नव्याने जोडा, मावशी," संचालक म्हणाले. तिने डिंक विरघळवला, तुकडे सुटे केले आणि दातवालं डोकं पुन्हा जागेवर बसवलं. डोळे मिटून नख फिरवलं. नख अडलं.

हे नख पहिल्यांदा अडलं नव्हतं, एकोणतीस वर्षांपूर्वीही अडलं होतं. तेव्हाचे साहेब डोक्यावर उभे होते, पाहुणे यायचे होते, आणि तिने फटीत प्लास्टर भरून वर मातीचा रंग दिला होता. नंतर तिने स्वतःची समजूत घातली की बसलाय नीट. खाई त्याला खवखवे. उगाच नव्हती ती येताजाता 'दाखवा, दाखवा' करत!

कुठल्याच भांड्याला न लागणाऱ्या तुकड्यांचा एक खण होता. तो तिने टेबलावर उपडा केला. संध्याकाळपर्यंत उत्खननातून पहिल्या वाडग्याच्याच खोक्यात आलेला दुसरा वाडगा अर्धामुर्धा उभा राहिला आणि दातवालं डोकं त्याला चपखल बसलं. वासलेल्या तोंडात एक हात गेलेला, हातात चिमटा. देशाचा पहिला व्हॅम्पायर दाढ उपटून घेत होता, आणि बिचारा बोंबलत होता. आणि ती मान कलती केलेली बाई? तिचे केस कोणीतरी विंचरत होतं. विंचरणाऱ्याचं डोकं कधी सापडलंच नव्हतं.

जेवताना तिने नवऱ्याला सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला.

"कोणाला बोललीस?"

"अजून कोणालाच नाही."

"मग बोलू नकोस." त्याने बिल्ल्यावर हात ठेवला. "अगं, पस्तीस वर्षं मी बसमध्ये घसा फोडला, एका माणसाने मान वळवून बघितलं नाही. आता कुठे चार लोक माझं ऐकतात. राहू दे की एवढं मला."

तिला त्याची दया आली आणि रागही आला. तीन महिने हा जे मिरवत होता ती तिची चूक होती. बाकीचे तीस वर्षांचे खरे सांधे त्याने कधी विचारलेसुद्धा नव्हते.

दुसऱ्या दिवशी संचालकांनी दोन्ही वाडगे बघितले आणि कपाळाला हात लावला. "मावशी, दातदुखीवर देशाचा अभिमान उभा करू का मी? पूर्वीसारखं जोडून टाका."

"पूर्वी चुकले म्हणते मी. आता जोडलं तर काय म्हणू?"

"काही म्हणू नका. कॅमेऱ्यासमोर हसा फक्त."

ती हो म्हणाली नाही, नाही पण म्हणाली नाही. उद्घाटनाच्या सकाळी तिने स्वतःच्या हातांनी भांडी काचेत ठेवली, वर मखमली कापड टाकलं आणि जाऊन पहिल्या रांगेत बसली. नोकरीचं तिला काही वाटत नव्हतं, दोन महिने तर उरले होते. दुसऱ्या रांगेत टपरीवरच्या मंडळींसोबत बिल्ला लावून बसलेल्या माणसाचं मात्र वाटत होतं.

भाषणं झाली. मंत्र्यांनी कापड ओढलं. आत दोन वाडगे. एकावर केस विंचरून घेणारी बाई, मागे बिनडोक्याचं कोणीतरी. दुसऱ्यावर चिमटा आणि बोंब.

"अहो, व्हॅम्पायर कुठाय?" मंत्र्यांनी माईकवरच विचारलं.

मावशी उठली. "दात काढायला गेलाय, साहेब."

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं, मग पत्रकार हसले, मग सगळा हॉल. मंत्री एकटे हसत नव्हते. मावशीने खरं काय ते दोन वाक्यांत सांगितलं: सांधा चुकला होता, आणि तो तिनेच चुकवला होता. तेवढ्यात सुरक्षा अधिकारी पुढे आला. "या बाईंबरोबर कोण आहे? त्यांना बाहेर घेऊन चला."

तिने मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर त्याला उठावं लागलं असतं, आणि सगळ्या टपरीदेखत ही वेळ तिला त्याच्यावर आणायची नव्हती. ती एकटीच दाराकडे निघाली.

मागे खुर्ची सरकली.

"मी आहे. नवरा आहे मी यांचा," कंडक्टर म्हणाला. आवाज हॉलभर ऐकू गेला. तो रांगेतून बाहेर आला, मात्र दाराकडे न जाता काचेकडे वळला. अधिकाऱ्याने दंड धरला तो त्याने झटकला. "थांबा हो, दोन मिनिटं. एकतीस वर्षांत हिचं एक भांडं मी नीट बघितलेलं नाही."

वाकून त्याने काचेला नाक लावलं. मग मागे हात केला.

"तुझा चष्मा दे गं जरा. माझा घरी राहिला."