हलू नका, हैबतराव!

आमच्या दिनानाथला गणपती कधीच स्वप्नात दिसला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पेणमध्ये गणपतीचं मॉडेल करणारा दुसरा कुणीही "स्वप्नात आला हो" म्हणून सांगतो आणि गिऱ्हाईक माना डोलावतं. दिनानाथला ते ऐकलं की तिडीक यायची. "स्वप्नात झोप लागते, सुचत नाय," तो म्हणायचा. "सोंड, मुकुट कोणीपण करंल. पण बसायचं कसं, ते माणसाकडनंच घ्यावं लागतं."

कारखान्यात त्याचं काम एवढंच: दर वर्षी शाडूचं एक नवं मॉडेल. त्यावरून रबराचा साचा निघायचा, साच्यातून ढीगभर गणपती निघायचे आणि रंगवायला माझ्याकडे यायचे. त्याला सुचलं नाही तर माझे ब्रश कोरडे.

सुचावं म्हणून तो बसलेली माणसं बघत हिंडायचा. रोह्याच्या एसटी स्टँडवर, कोलाडच्या हॉटेलात, अगदी तेराव्याच्या पंगतीतसुद्धा. एखाद्याची बैठक आवडली की मागून जाऊन न्याहाळायचा. नागोठण्याला त्यापायी एकदा मार खाल्ला. बरं, पसंत पडलेला माणूस घरी आणून "नेहमीसारखा बस" म्हटलं की त्या बिचाऱ्याला बसताच येईना. पाय कुठे ठेवायचे तेच विसरायचा. दिनानाथची बायको हौसा तर नवऱ्यासमोर बसायचीच बंद झाली. भाजीसुद्धा उभ्यानं चिरायची.

त्या वर्षी दिवाळी उलटली तरी बैठक सापडेना. त्यातच त्याच्या मुलीला, पुतळीला, बघायला रोह्याची माणसं यायची ठरली. स्थळ मी आणलं होतं. खरं तर पुतळीचं आणि त्या मुलाचं, सखाचं, आधीच जुळलेलं; मी आपला नावाला पुढे. अडचण एकच, सखाचे वडील हैबतराव. धाटावच्या कंपनीतून निवृत्त झालेले, भलतेच कडक. मुलीचा बाप येडा आहे हे त्यांच्या कानावर गेलेलं. नकार तोंडावर सांगून यायचं ठरवूनच ते निघाले होते. सखानं दारातच हे माझ्या कानात सांगितलं.

पुतळी पोह्यांचं तबक घेऊन बाहेर आली. हैबतराव सतरंजीवर टेकले. एका पायाची मांडी, दुसरा सैल सोडलेला, हात गुडघ्यावर. त्यांनी घसा खाकरला.

"त्याचं असं हाय दिनानाथराव, आमचं काय..."

"हलू नका!" दिनानाथ ओरडला आणि आत पळाला.

हैबतराव जागच्या जागी थिजले. "इंचू हाय काय मागं?" त्यांनी ओठ न हलवता विचारलं.

"नाय," शाडूची बादली घेऊन आलेला दिनानाथ म्हणाला, "बैठक हाय."

मग जे सुरू झालं ते थांबेचना. हैबतरावांनी नकार द्यायला तोंड उघडलं की दिनानाथ डाफरायचा, "बोलू नका, खांदा हलतो!" कंपनीत जन्मभर हुकूम पाळलेला माणूस; ते गप्प व्हायचे. पोहे गारढोण झाले. खिडकीत शेजारी जमले. आत हौसा रडत होती, "माझ्या पोरीचं वाटोळं केलं या माणसानं." मलाही वाटलं, झालं, बोंबललं सगळं.

ऊन कललं तेव्हा दिनानाथनं हात धुतले. पण आता हैबतरावांना उठताच येईना. पाय बधिर. सखानं ओढलं, मी ढकललं, पण तो देह काही हलेना. शेवटी हौसा तणतणत बाहेर आली ती दह्याची वाटी घेऊन. विसर्जनाच्या दिवशी गणपतीला जागेवरून हलवताना आपण करतो तेच तिनं केलं. हैबतरावांच्या तळहातावर दही ठेवलं, नमस्कार केला आणि त्यांना दोन्ही हातांनी जागेवरून जरासं हलवलं.

हैबतरावांनी हातातल्या दह्याकडे पाहिलं आणि चाटून टाकलं. मग समोरच्या मॉडेलकडे पाहिलं. सोंड नव्हती, मुकुट नव्हता. नुसता ऐसपैस बसलेला एक माणूस.

"हा मी?"

"तुम्हीच."

"जन्म गेला मशीनपुढं उभं राहण्यात," हैबतराव म्हणाले. "घरीपण मी आलो की सगळी उठायची, मग मीपण उभाच. मला वाटायचं, मला बसणं शोभत नाय." त्यांनी दह्याच्या हातानंच डोळे पुसले.

मग त्यांचं लक्ष पुतळीकडे गेलं. ती अजून तबक धरून भिंतीशी उभीच होती.

"किती येळ उभी हायस गो?"

हैबतरावांनी सतरंजीवर थोडं सरकून जागा केली. "ये, बस हितं. सखाच्या बायकोनं माझ्यासमोर उभं राहायचं नाय."

पुतळी तबकासकट खाली बसली.