बेनेडिक्ट महाराजांचा मठ

सावेडीत बसून फ्रान्समधल्या मध्ययुगीन मठाचं छप्पर गळत असेल का, या काळजीने तळमळणारा माणूस जगात एकच, आणि तो माझ्या वाट्याला मामेसासरा म्हणून आला. मामांनी बांधकाम खात्यात जन्मभर मोऱ्या आणि एसटीचे थांबे बांधले. रिटायर झाल्यावर कुणाच्या तरी कॅलेंडरवर त्यांना बेनेडिक्टाईन म्हणजे संत बेनेडिक्टच्या पंथातल्या ख्रिस्ती साधूंचा हा दगडी मठ दिसला आणि ते त्याच्या नादी लागले ते लागलेच. तिथलं भोजनगृह प्रार्थनेच्या जागेपासून लांब, आमटीच्या वासाने साधूंचं मन चळू नये म्हणून. हे कळताच मामांनी आमचे देव स्वयंपाकघरातून उचलून जिन्याखाली नेले. "देवाला फोडणी चालते हो, ह्यांनाच ठसका लागतो," मामी म्हणाल्या. तिथे जेवताना मौन आणि एकाने वाचायचं, म्हणून आमच्याकडेही तेच सुरू झालं. वाचायचं काम मामींकडे आलं. त्या साड्यांच्या सेलच्या जाहिराती मुद्दाम सावकाश वाचत.

पुढे मामांनी परसात तसल्याच कमानींची ओसरी काढली. केडगावच्या गवंड्याने विचारलं, "सायेब, मठ कुन्या म्हाराजांचा?"

"बेनेडिक्ट महाराजांचा."

"लई कडक हायत का?"

"भयंकर. जेवताना बोलू देत नाहीत."

गवंड्याने चपला काढून हात जोडले. पुढच्या गुरुवारी दारात बायका नारळ घेऊन हजर! मामांनी त्यांना ओसरीत बसवून कमानीचा मधला दगड बाकीच्यांना कसा धरून ठेवतो ते समजावलं. बायकांनी भक्तिभावाने माना डोलावल्या. मग दर गुरुवारी तेच.

एकदा तरी तो मठ डोळ्यांनी पाहायचा, एवढीच मामांची इच्छा होती. मुलाने तिकिटं काढली आणि नेमकं मामांचं हृदय कुरकुरलं. डॉक्टरांनी विमान कायमचं बंद केलं. त्या गुरुवारी मामा खोलीतून बाहेरच येईनात. मला फार वाईट वाटलं. शेवटी एका म्हातारीने दारातून हाक मारली, "बाबा, आमी तरी कवा जानार तिकडं? तुमीच न्या की."

मामा आले, खुर्चीत बसले. मग डोळे मिटून म्हणाले, "चला, आता आपण आत शिरू. पायरी उंच आहे हं, जपून."

आणि बसल्या जागी म्हातारीने लुगडं जरा वर धरलं.